तोंडांतील साकव

गेल्या वर्षीं मधल्या सुटींत आमच्या शाळेच्या मैदानावर एक लहानसा अपघात झाला. चेंडूच्या मागें धांवणारे दोन विद्यार्थी एकमेकांवर आदळले, आणि त्यांपैकीं एकाचा वरचा पुढील दांत मुळासकट निघून मातींत पडला. मुलगा धीराचा, तो रडला नाहीं. त्याच्या सोबत्यांनीं तो दांत शोधून काढला, नळाखालीं धरून नखांनीं व रुमालानें घांसून लख्ख केला, आणि घरीं दाखवावा म्हणून कंपासपेटींत ठेवून दिला. सायंकाळीं त्याचे वडील त्यास दंतवैद्याकडे घेऊन गेले, तेव्हां दंतवैद्यांनीं तो कोरडा पडलेला दांत हातांत घेऊन पाहिला व नकारार्थी मान हालविली. दुसऱ्या दिवशीं वर्गांत त्या मुलानें आम्हांस विचारलें, "गुरुजी, दांत गेला तर गेला, नवा बसवितां येतो ना?"

"होय, येतो," असें सांगून आम्हीं त्याचें समाधान केलें; परंतु आमचें स्वतःचें समाधान झालें नाहीं. कारण दोन गोष्टी आमच्या मनास टोंचत होत्या. पहिली ही कीं, त्या दिवशीं मैदानावर असलेल्या आम्हां वडील माणसांपैकीं एकास जरी योग्य तो उपाय ठाऊक असता तरी तो दांत वांचण्याची बरीच आशा होती. दुसरी ही कीं, कृत्रिम दांत कशाच्या आधारानें उभा राहतो आणि त्याची किंमत तोंडांत कोणास द्यावी लागते, हें आम्ही स्वतः सोसून शिकलों आहों. म्हणून यंदाच्या अंकासाठीं विषय शोधूं लागलों असतां दुसरा विषय मनांत येईना. पडलेल्या दांताच्या जागीं शेजारच्या दांतांच्या आधारानें जे कायमचे कृत्रिम दांत बसवितात, त्या रचनेस दंतवैद्य 'पूल' म्हणतात. त्या पुलाची हकीकत आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगणार आहों.

प्रथम दांत कसा उभा असतो तें पाहूं. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, भिंतींत खिळा ठोकावा तसा दांत जबड्याच्या हाडांत रोवलेला असतो. वस्तुस्थिति तशी नाहीं. दांताचें मूळ व त्याभोंवतालचें हाड यांच्यामध्यें अत्यंत बारीक तंतूंचा एक थर असतो, आणि त्या तंतूंवर दांत पाळण्यासारखा टांगलेला असतो. चावतांना पडणारा भार हे तंतू झेलतात व हाडाकडे पोंचवितात. भाकरींत बारीक खडा आला तरी तो तत्क्षणीं आपणांस कळतो, यांत या तंतूंचा मोठा वांटा आहे. दांताचा जो भाग आपणांस दिसतो त्यावर एनॅमल नांवाचें कवच असतें. मानवी शरीरांत याहून कठीण पदार्थ दुसरा नाहीं. त्याच्या वजनापैकीं शेंकडा सुमारें ९६ भाग खनिजाचा असतो. परंतु या कवचांत जिवंत पेशी नसतात. मोडलेलें हाड सांधतें, कापलेली कातडी भरून येते, पण एनॅमलमध्यें एकदां खड्डा पडला कीं तो शरीरास पुन्हां भरून काढतां येत नाहीं. कवचाच्या आंत डेन्टीनचा थोडा मऊ थर, आणि त्याच्याही आंत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला नाजूक मगज, अशी दांताची रचना आहे.

आतां एक दांत गेला तर काय होतें? दांतांची ओळ ही पंगतीसारखी आहे. पंगतींतून मधलाच एक जण उठला कीं शेजारचे नकळत त्या बाजूस सरकतात. आम्ही बावीस वर्षांचे असतां आमच्या खालच्या जबड्याच्या डाव्या बाजूची पहिली दाढ किडून तिला असह्य ठणका लागला. मुळांतील नसेवर उपचार करून ती वांचवितां येईल असें दंतवैद्यांनीं सुचविलें होतें. परंतु परीक्षेचे दिवस व खर्चाची अडचण हीं कारणें पुढें करून आम्हीं ती काढून घेतली. बत्तीशींतील एक गेली तर काय बिघडलें, असा आमचा हिशेब होता. पांचसहा वर्षांत तो हिशेब चुकला. मागची दाढ मोकळ्या जागेकडे कलली. वरच्या जबड्यांतील जी दाढ गेलेल्या दाढेवर येऊन टेकत असे, तिला खालून आधार न राहिल्यामुळें ती हळूहळू खालीं उतरूं लागली. फटींत अन्न अडकूं लागलें, हिरडी वारंवार सुजूं लागली, आणि चावण्याचें सर्व काम आम्हीं नकळत उजव्या बाजूकडे सोंपविलें. शिवाय ज्या ठिकाणीं दांत उरला नाहीं तेथील हाड काम नसल्यामुळें झिजत जातें, तें वेगळेंच. प्रत्येकाच्या तोंडांत हें सर्व घडतेंच असें नाहीं. कांहींचे दांत वर्षानुवर्षें जागचे हालत नाहींत. परंतु आपण त्या भाग्यवंतांपैकीं आहों कीं नाहीं, हें आधीं कळत नाहीं.

पुढचा दांत गेला तर हानि निराळ्या प्रकारची होते. व्याकरणाच्या तासाला आपण त, थ, द, ध, न, ल, स या वर्णांस दंत्य म्हणतों. तें नांव उगीच पडलेलें नाहीं. हे वर्ण उच्चारतांना जिभेचें टोंक वरच्या पुढील दांतांकडे जातें. दांताच्या जागीं फट असली कीं 'स' मधून वारा सुटतो आणि ऐकणारा हंसतो. ज्या मुलास काल मोठ्यानें कविता म्हणण्याची हौस होती, तो आज शेवटच्या बांकावर तोंडास हात लावून बसतो. दांत ही केवळ चावण्याची वस्तु असती तर ही गोष्ट इतकी मनास लागली नसती.

अशा रिकाम्या जागेवर उपाय म्हणून जो पूल बांधतात, त्याची कल्पना कोंकणांतील साकव पाहिलेल्यास चटकन येईल. वहाळाच्या दोन्ही कांठांवर भक्कम आधार पाहून त्यांवर लांकडी ओंडके आडवे टाकतात. मधल्या भागास खालून आधार नसतो. माणसांचा सर्व भार शेवटीं कांठांवरच येतो. तोंडांतील पुलाचेंही असेंच आहे. रिकाम्या जागेच्या अलीकडचा व पलीकडचा असे दोन दांत हे त्याचे कांठ. त्यांना आपण आधारदांत म्हणूं. हे दांत चोहोंबाजूंनीं तासून लहान करतात व त्यांवर टोपणें बसवितात. दोन टोपणांच्या मध्यें त्यांस अखंड जोडलेला असा कृत्रिम दांत असतो. त्यास दंतवैद्य पॉन्टिक म्हणतात. लॅटिन भाषेंतील पूल या अर्थाच्या शब्दावरून हें नांव आलें आहे. या मधल्या दांतास मूळ नसतें. तो हिरडीस हलकेच टेकलेला असतो, आणि त्यावर पडणारा प्रत्येक घांसाचा भार शेजारचे दोन दांत आपल्या भाराशिवाय वाहतात. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावरच उभें आहे.

पडलेल्या दांताची उणीव भरून काढण्याची मनुष्याची खटपट फार जुनी आहे. इटलींत रोमचें राज्य भरभराटीस येण्यापूर्वीं एट्रुस्कन लोक राहत असत. ख्रिस्तपूर्व सातव्या शतकापासून पुढील काळांतील त्यांच्या थडग्यांत सोन्याच्या पातळ पट्ट्यांनीं शेजारच्या दांतांस बांधलेले दांत सांपडले आहेत. आधारदांतांमध्यें पट्टीनें उपरा दांत धरून ठेवावयाचा, ही आजच्या पुलाचीच मूळ कल्पना होय. पुढें ख्रिस्तपूर्व सुमारें ४५० मध्यें रोमन लोकांनीं आपले कायदे बारा पाट्यांवर लिहिले. प्रेताबरोबर सोनें पुरूं नये असा एक नियम त्यांत होता. परंतु ज्याचे दांत सोन्यानें बांधलेले असतील त्यास तें तसेंच राहूं द्यावें, अशी सवलतही त्यांत होती. कायदेकर्त्यांस अपवाद लिहून ठेवावा लागला, यावरून ती चाल त्या काळीं अगदींच अपरिचित नव्हती हें उघड दिसतें.

त्यानंतर पुष्कळ शतकें या विद्येंत फारशी भर पडली नाहीं. १७२८ मध्यें पिअर फोशार या फ्रेंच दंतवैद्यानें आपल्या विद्येवर दोन भागांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. कृत्रिम दांत बसविण्याच्या अनेक रीति त्यांत सांगितल्या आहेत. दांतास कीड लागते म्हणजे त्यांत खरोखरीचा किडा शिरतो, ही समजूत आपल्या भाषेंत अद्याप शिल्लक आहे. फोशारनें शोध करूनही त्यास असा किडा कधीं दिसला नाहीं. किडण्याचें खरें कारण डब्ल्यू. डी. मिलर यानें १८९० मध्यें आपल्या ग्रंथांत मांडलें: तोंडांतील सूक्ष्म जंतु साखर व पिष्टमय अन्न खाऊन आम्ल तयार करतात, आणि तें आम्ल दांताचें खनिज विरघळवितें. पूर्वींचे कृत्रिम दांत हाडाचे, हस्तिदंताचे किंवा पाणघोड्याच्या दांताचे करीत. कित्येकदां तर मृत माणसांचेही दांत वापरीत. १८१५ मधील वॉटर्लूच्या लढाईनंतर रणांगणावरील सैनिकांचे दांत काढून विकले गेले, आणि 'वॉटर्लूचे दांत' हें नांवच रूढ झालें. चिनी मातीचे दांत प्रचारांत आल्यावर ही किळसवाणी चाल हळूहळू मागें पडली.

आजच्या पुलाचा खरा पाया ओतकामाच्या एका युक्तीनें घातला गेला. आपल्या देशांतील मूर्ति घडविणारे ओतारी प्रथम मेणाची मूर्ति करतात, तिच्याभोंवतीं मातीचा सांचा लिंपतात, सांचा तापवून मेण वितळवून काढतात, आणि त्या पोकळींत धातूचा रस ओततात. हीच युक्ति वापरून दांताच्या खड्ड्यांत बिनचूक बसेल असा सोन्याचा तुकडा ओतण्याची रीत अमेरिकेंतील विल्यम टॅगर्ट यानें १९०७ मध्यें आपल्या व्यवसायबंधूंपुढें मांडली. पुढें टोपणें व पूल याच रीतीनें होऊं लागले. परंतु तोंड उघडतांच धातु चमके, हा दोष राहिलाच. धातूवर चिनी मातीचा लेप भाजून बसवावा तर निवतांना धातु व माती निरनिराळ्या प्रमाणांत आकुंचन पावत आणि लेपास तडा जाई. पदार्थविज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस यांतील अडचण तेव्हांच कळेल. दोहोंचें प्रसरण व आकुंचन जुळून येईल अशी माती व मिश्रधातु सिद्ध झाल्यावर हा दोष दूर झाला. त्या शोधाचे अमेरिकन हक्क १९६२ मध्यें नोंदले गेले. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून झिर्कोनिया नांवाच्या पांढऱ्या व अतिशय चिवट द्रव्याचेही पूल होऊं लागले. तें द्रव्य संगणकाच्या साह्यानें चालणाऱ्या यंत्रावर कोरून काढतात.

पूल बसविण्याचें काम एका दिवसांत संपत नाहीं. दंतवैद्य आधीं दांत व हिरड्या तपासतात, आणि क्ष-किरणांचें चित्र घेऊन आधारदांतांचीं मुळें किती लांब आहेत व त्यांभोंवतीं हाड किती उरलें आहे तें पाहतात. नंतर सुई देऊन तो भाग बधिर करतात आणि पाण्याचा फवारा सोडीत आधारदांत तासतात. तासलेल्या दांतांचें माप रबरासारख्या द्रव्यांत, किंवा अलीकडे प्रकाशाच्या साह्यानें चालणाऱ्या उपकरणानें घेतात. त्या मापावरून कारागीर पूल तयार करतो. तोंवर तासलेले दांत उघडे राहूं नयेत म्हणून तात्पुरता पूल चिकटवितात. तयार पूल प्रथम नुसता बसवून पाहतात. रंग शेजाऱ्यांशीं जुळतो कीं नाहीं, आणि रंगीत कागद चावावयास देऊन कोठें अधिक दाब पडतो कीं काय, हें पाहून मगच तो सिमेंटनें पक्का करतात. अशा वेळीं "जरा उंच लागतें, पण संवय होईल," असें म्हणून भिडेनें गप्प बसूं नये. केसाएवढा उंचवटाही आधारदांतास रोज शेंकडों वेळां ठोसा देत असतो.

आतां पुलाच्या मर्यादा पाहूं. आर्विन अँटी या दंतवैद्यानें १९२६ मध्यें एक नियम सांगितला. आधारदांतांच्या मुळांचा जो पृष्ठभाग हाडांत तंतूंनीं धरलेला असतो, तो गेलेल्या दांतांच्या मुळांच्या तशाच पृष्ठभागाइतका किंवा त्याहून अधिक असावा, असा त्याचा आशय आहे. पुढील अनुभवावरून असें दिसून आलें कीं, हिरड्या अगदीं निरोगी असतील तर याहून कमी आधारावरही पूल टिकतो. तथापि भार पाहून खांब निवडावे, हें त्या नियमांतील तत्त्व अढळ आहे. दुसरी मर्यादा लांबीची. विद्यार्थ्यांनीं घरीं एक प्रयोग करावा. एक पातळ फूटपट्टी दोन पुस्तकांवर आडवी ठेवून मध्यें एक वजन ठेवावें, आणि पुस्तकें हळूहळू दूर सारीत पट्टी किती वांकते तें पाहावें. जाडी, रुंदी व भार तेच ठेवून आधारांमधील अंतर दुप्पट केलें तर पट्टी दुप्पट नव्हे, आठपट वांकते. तिप्पट केलें तर सत्तावीसपट. तोंडांतील पुलासही हाच नियम लागू आहे. म्हणून एका दांताची जागा भरणें सोपें, दोहोंची कठीण, आणि तिहींची पुष्कळदां धोक्याची.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच रोग्याच्या लक्षांत येत नाहीं. टोपण बसविण्यासाठीं आधारदांताच्या दिसणाऱ्या भागापैकीं निम्म्याहून अधिक अंश तासून टाकावा लागतो. ते दांत आधींच मोठमोठ्या भरणीचे किंवा तुटके असतील तर टोपणानें त्यांचें रक्षणच होतें. परंतु ते निरोगी असतील तर आपण एका मेलेल्या शेजाऱ्यासाठीं दोन जिवंत शेजाऱ्यांच्या अंगावरचें कवच उतरवीत असतों, आणि तें कवच पुन्हां येत नाहीं. कांहीं दांतांचा मगज या आघातानें पुढेंमागें मरतो. याचा अर्थ पूल वाईट असा नव्हे. नीट निवड करून बांधलेल्या पुलांपैकीं दहांत सुमारें नऊ पूल दहा वर्षांनंतरही जागेवर असतात, असें पाहण्यांत आलें आहे. परंतु जो सौदा करावयाचा त्याची किंमत आधीं विचारून घ्यावी, हें शहाणपणाचें नव्हे काय?

आम्हीं ती विचारली नाहीं. एकुणतिसाव्या वर्षीं आम्हीं पूल बसवून घेतला, आणि पहिले कांहीं महिने चणे खाऊन त्याचा आनंद भोगला. दंतवैद्यांनीं पुलाखालून दोरा कसा ओंवावा हें दाखविलें होतें व दर सहा महिन्यांनीं येण्यास सांगितलें होतें. दोरा आम्हीं पंधरा दिवस ओंवला. दंतवैद्यांकडे एकदां गेलों. कृत्रिम दांत किडत नाहीं, मग कशाची चिंता, असें आम्ही म्हणत असूं. कृत्रिम दांत किडत नाहीं हें खरें. परंतु टोपणाच्या कडेशीं हिरडीजवळ आधारदांत उघडा असतो, आणि तो मात्र किडतो. आमच्या पुढील आधारदांताची नस पूर्वींच काढलेली असल्यामुळें तो आंतून पोखरला जात असतां आम्हांस वेदना झाली नाहीं. नवव्या वर्षीं एके दिवशीं जेवतांना पूल हातांत आला, आणि त्याबरोबर तो दांतही मुळापाशीं तुटून आला. साकवाची फळी शाबूत होती. कांठ ढांसळला होता. पूर्वीं जेथें एका दाढेची जागा रिकामी होती, तेथें आतां दोहोंची झाली. नवा लांब पूल टिकणार नाहीं, असें दंतवैद्यांनीं फूटपट्टीचा तोच नियम सांगून आम्हांस समजाविलें. आज आम्ही काढघालीच्या लहान कवळीवर निभावून नेतों. दोष बांधणाराचा नव्हता, राखणाराचा होता.

म्हणून ज्यांच्या तोंडांत पूल आहे अशा पालकांस आमची विनंति आहे कीं, त्यांनीं दिवसांतून एकदां तरी पुलाखालून दोरा किंवा बारीक कुंचली फिरवावी, टोपणाच्या कडा ब्रशानें नीट घांसाव्या, आणि दुखत नसलें तरी दंतवैद्यांस दाखवीत जावें. ज्यांस दांत बसवावयाचा आहे त्यांनीं पुलाशिवाय दुसरे उपायही विचारावे. काढघालीची कवळी स्वस्त पडते व तीसाठीं शेजारच्या दांतांस फारसें तासावें लागत नाहीं. मात्र ती रोज काढून धुवावी लागते. दुसरा उपाय चिकटविलेल्या पुलाचा. एनॅमलवर सौम्य आम्ल लावून तें किंचित् खरबरीत केल्यास त्यावर राळेसारखें द्रव्य घट्ट धरतें, असें मायकेल बुओनोकोर यानें १९५५ मध्यें दाखविलें. त्या तत्त्वावर पुढें असे पूल निघाले कीं, ते शेजारच्या दांताच्या मागील बाजूस केवळ एका पातळ पंखानें चिकटतात व त्यासाठीं तासणें जवळजवळ लागत नाहीं. पुढील दांतांसाठीं ते विशेष उपयोगी पडतात. तिसरा उपाय म्हणजे जबड्याच्या हाडांतच टिटॅनियम धातूचें कृत्रिम मूळ बसविणें. या धातूशीं जिवंत हाड घट्ट जुळून येतें असें स्वीडनमधील ब्रोनेमार्क यांस आढळलें, आणि १९६५ मध्यें त्यांनीं पहिल्या रोग्यावर हा उपचार केला. यांत शेजाऱ्यांस हात लागत नाहीं. परंतु खर्च अधिक, शस्त्रक्रिया आवश्यक, आणि हाड पुरेसें असावें लागतें. पैशाच्या अडचणीमुळें कोणी उपचार टाळीत असेल तर त्यानें दंतमहाविद्यालयाच्या रुग्णालयांत चौकशी करावी. तेथें शिक्षकांच्या देखरेखीखालीं पुष्कळदां कमी खर्चांत काम होतें.

आतां आमच्या विद्यार्थ्यांसाठीं दोन गोष्टी, ज्यांसाठीं हा लेखप्रपंच मुख्यतः केला आहे. पहिली अपघाताची. वाढत्या वयांत जबडा वाढत असतो, आणि कोंवळ्या दांतांतील मगज मोठा असतो. त्यामुळें टोपणांचा पूल किंवा टिटॅनियमचें मूळ त्या वयांत बहुधा बसवीत नाहींत. म्हणजे मुलाचा पुढील दांत गेला तर त्यास वर्षानुवर्षें तात्पुरत्या उपायांवर राहावें लागतें. म्हणून पडलेला कायमचा दांत वांचविण्याची खटपट पहिल्या मिनिटापासून झाली पाहिजे. दांत उचलतांना त्याचा पांढरा दर्शनी भाग धरावा. मुळास बोट लावूं नये. माती लागली असेल तर दूध किंवा स्वच्छ पाणी यांत क्षणभर खळबळावा. घांसूं किंवा पुसूं नये, कारण ज्या तंतूंनीं तो पुन्हां हाडास धरावयाचा ते मुळावरच चिकटलेले असतात. मग मूल शुद्धीवर व शांत असेल तर दांताची दर्शनी बाजू पुढें करून तो त्याच्या जागीं हलकेच बसवावा, रुमाल चावावयास द्यावा, आणि तडक दंतवैद्याकडे जावें. बसवितां न आल्यास दांत थंड दुधांत बुडवून न्यावा. कोरडा ठेवूं नये. जितका उशीर तितकी आशा कमी. पहिला अर्धा तास सोन्याचा समजावा. मात्र दुधाचा दांत पडला असेल तर तो परत बसवूं नये, कारण त्याच्या खालीं येऊं घातलेल्या दांतास इजा होते.

दुसरी गोष्ट मातापित्यांसाठीं. मूल सुमारें सहा वर्षांचें झालें कीं दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागें एक नवी दाढ मुकाट्यानें येते. तिच्यासाठीं कोणताही दांत पडत नाहीं, म्हणून घरांत कोणाचें लक्ष जात नाहीं. आणि ती किडली तर "दुधाची आहे, पडेल," असें म्हणून लोक स्वस्थ बसतात. ती दुधाची नव्हे. ती आयुष्यभराची पहिली दाढ होय, आणि तिच्या जागीं पुन्हां दुसरी येणार नाहीं. आमची जी दाढ गेली ती हीच. मुलांस सकाळीं व रात्रीं निजण्यापूर्वीं फ्लोराइड असलेल्या दंतमंजनानें ब्रश करावयास लावावें. मूल लहान आहे तोंवर मागच्या दाढांवर वडील माणसानें स्वतःचा हात फिरवावा. गोड खाणें जेवणाबरोबर असावें. दिवसभर चघळत राहूं नये. दांत घांसण्यासाठीं कोळसा किंवा राखुंडी वापरूं नये, त्यानें एनॅमल झिजतें. आणि घरांत कोणी मशेरी लावीत असेल तर ती बंद करावी. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. ती हिरड्यांची व दांतांचीच हानि करते असें नव्हे, तर तोंडाच्या कर्करोगासही कारण होते.

ज्या मुलाच्या प्रश्नानें या लेखास आरंभ झाला, तो आज एक दांताची लहान पट्टी टाळूस लावून शाळेंत येतो. प्रथम त्याचा 'स' अडखळत असे. आतां तो पुन्हां मोठ्यानें वाचूं लागला आहे. अठरा वर्षांचा झाल्यावर पूल कीं कृत्रिम मूळ, याचा निर्णय तो स्वतः करील. आम्हीं त्यास एवढेंच सांगितलें आहे कीं, तोंवर दोन्ही शेजारच्या दांतांस फुलासारखें जप. कोणताही उपाय निवडलास तरी ते शाबूत असण्यांतच तुझें हित आहे. या वर्षापासून शाळेच्या प्रथमोपचाराच्या पेटींत एक झांकणाची स्वच्छ डबी ठेवली आहे, आणि पडलेला दांत त्यांत घालून वर कोठून दूध आणावयाचें, हें शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सर्वांस ठाऊक आहे. ती डबी कधीं उघडावी लागूं नये, अशीच आमची इच्छा आहे.